आधी पंधरा दिवस मागे उभे राहा

उल्हासनगर कॅम्प १ मधली चष्म्याची दुकानं बहुतेक दहा-बारा फुटांच्या गाळ्यात असतात. आतल्या बाजूला एक उंच खुर्ची, खुर्चीच्या मागे वर भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर आरसा. पहिल्यांदा आलेल्याला वाटतं, आरसा फ्रेम घालून चेहरा बघायला ठेवलाय. पण लांबची नजर तपासायची तर तक्ता सहा मीटर, म्हणजे वीस फूट दूर लागतो. दहा फुटांच्या खोलीत वीस फूट कुठून आणायचे? म्हणून तक्त्यावरची अक्षरं उलटी छापतात, तक्ता पेशंटच्या डोक्यामागे टांगतात आणि पेशंट तो समोरच्या आरशात सुलटा वाचतो. आरशापर्यंत दहा फूट, आरशापासून तक्त्यापर्यंत दहा फूट.

ही युक्ती मी पुस्तकात वाचण्याआधी अशाच एका खुर्चीमागे उभी राहून पाहिली. बारावीची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता आणि घरात "पुढे काय" हा विषय रोज रात्री जेवताना निघत होता. त्या उन्हाळ्यात जे पंधरा दिवस मी उभी राहिले, त्यांच्यामुळे माझं ठरलं. आज मी स्वतः डोळे तपासते. दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये आमच्या भागातली मुलं-मुली, बहुतेक वेळा आई-वडिलांना बरोबर घेऊन, विचारायला येतात: ऑप्टोमेट्रीला जाऊ का? मी त्यांना आधी एकच सांगते. अर्ज भरण्याआधी डोळे तपासणाऱ्या माणसाच्या मागे पंधरा दिवस उभे राहा. ते कसं करायचं, यासाठी हा लेख.

आधी एक घोळ मिटवू, कारण तो घरोघरी असतो. डोळ्यांचे डॉक्टर, म्हणजे नेत्रतज्ज्ञ, हे एमबीबीएस करून पुढे नेत्रशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असतात. ऑपरेशन ते करतात. ऑप्टिशियन चष्मा बनवतो, काच घासून फ्रेममध्ये बसवतो, नाकावर नीट बसेल असा वाकवून देतो. ऑप्टोमेट्रिस्ट नजर तपासतो, नंबर काढतो, कॉन्टॅक्ट लेन्स बसवतो, डोळ्याचा दाब मोजतो, पडदा आणि बुबुळ तपासून आजाराची शंका आली तर वेळेत डॉक्टरांकडे पाठवतो. मोठ्या नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आत बसवायच्या लेन्सची ताकद काढण्यासाठी डोळ्याची मोजमापंही बहुधा तोच घेतो. आपल्या गल्लीत मात्र तिघांनाही "चष्मेवाला" नाही तर "डोळ्यांचा डॉक्टर" म्हणतात. त्यामुळे मुलगा ऑप्टोमेट्रीला जातो म्हटलं की वडील विचारतात, "म्हणजे डॉक्टर होणार का?" आणि आई विचारते, "दुकान टाकावं लागेल का?" दोन्हींचं उत्तर "तसं नाही" असं आहे. पण तोंडाने सांगून ते पटत नाही. मुलाने चार दिवस बघून घरी येऊन सांगितलं की पटतं.

आपल्याकडे या विषयाची पदवी म्हणजे बी. ऑप्टोम. आजवरची रूढ रचना चार वर्षांची आहे: तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेशाला बारावी विज्ञान लागतं. भौतिक आणि रसायनशास्त्राबरोबर जीवशास्त्र किंवा गणित, असा बहुतेक ठिकाणचा नियम आहे. २०२१ मध्ये संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. ऑप्टोमेट्रिस्ट त्या कायद्याच्या यादीत आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला तीन ते सहा वर्षांच्या पदवीत किमान ३,६०० तासांचं शिक्षण हवं, असं हा कायदा म्हणतो. आयोग अभ्यासक्रमही नव्याने आखतो आहे, म्हणून तुमच्या वर्षाला कोणता अभ्यासक्रम आणि किती वर्षं लागू आहेत, हे प्रवेश घेण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या. माझा मुद्दा त्या ३,६०० तासांचा आहे. एवढे तास ज्या कामाला द्यायचे, ते काम आधी चाळीस तास बघायला काय हरकत आहे? पंधरा दिवस, रोज पावणेतीन तास, झाले चाळीस.

अमेरिकेत याला शॅडोइंग म्हणतात, आणि तिथे तो जवळजवळ प्रवेशाचाच भाग आहे. आधी पदवी, मग ओएटी नावाची परीक्षा, मग ऑप्टोमकॅस या सामाईक अर्जात तुम्ही कुणाच्या हाताखाली किती तास काय पाहिलंत ते लिहायचं, आणि त्यानंतर चार वर्षांचं डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री. कॅम्प १ मधल्या पुष्कळ घरांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत, त्यामुळे हा शब्द व्हॉट्सअ‍ॅपवरून मुलांच्या कानावर आलेला असतो. आपल्याकडे या अनुभवाला सहसा गुण मिळत नाहीत. तरीही तो घ्यावा असं मी म्हणते, कारण तो कॉलेजसाठी नसून तुमच्यासाठी आहे. आमच्याकडे त्याला कुणी शॅडोइंग म्हणत नाही. "मी क्लिनिकला बसायला येऊ का?" असं विचारतात. बसणं हा शब्द मला आवडतो, फक्त पंधरा दिवसांत बसायला क्वचितच मिळतं.

कुठे बसायचं? मी तीन जागा सांगते, आणि तिन्ही बघाव्यात असा माझा आग्रह आहे, कारण एकच जागा पाहिली तर अंदाज चुकतो.

पहिली जागा चष्म्याचं दुकान, आणि तेही असं जिथे शिकलेला ऑप्टोमेट्रिस्ट स्वतः तपासतो. गोल मैदान परिसरात, शहाड स्टेशनच्या वाटेवर, कॅम्प २ आणि ३ च्या बाजारपेठेत चष्म्याची दुकानं आहेत. तुमच्या घरचे चष्मे ज्यांनी केले, तिथूनच सुरुवात करा. आजोबांचा नंबर ज्यांच्या वहीत आहे, ते तुम्हाला नाही म्हणायला कचरतात. दुकानात तुम्हाला या कामाची रोजची चाल दिसेल: गर्दी कधी असते, माणसं कशाची तक्रार घेऊन परत येतात, काच बसवताना एक मिलिमीटर सरकली तर काय होतं. दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला सगळे पीडी म्हणतात, ते मोजताना बघाच. प्रोग्रेसिव्ह काचेत ते चुकलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी चष्मा हातात घेऊन येतं आणि म्हणतं, जिना उतरताना पाय कुठे ठेवू कळत नाही.

दुसरी जागा नेत्र रुग्णालय किंवा रुग्णालयाचा नेत्र विभाग. कॅम्प ३ मधलं मध्यवर्ती रुग्णालय सरकारी आहे. कॅम्प १ मधून शेअर रिक्षाने जाता येतं. अंबरनाथला छाया रुग्णालय आहे आणि तिथे २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्यामुळे बदलापूर-अंबरनाथच्या मुलांनी त्या बाजूलाही विचारावं. सरकारी ठिकाणी तोंडी विचारून उपयोग नाही. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने अर्ज, सोबत तुमच्या ज्युनियर कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र, ओळखपत्राची प्रत आणि वय अठराच्या आत असेल तर पालकांचं संमतिपत्र. सीएचएम किंवा तलरेजासारख्या कॉलेजात असाल तर असं पत्र कसं मिळतं, ते ऑफिसात विचारा. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घ्या आणि आठ दिवसांनी परत जा. परवानगी मिळाली नाही तर मनाला लावून घेऊ नका, कल्याणच्या खासगी नेत्र रुग्णालयांकडे वळा. शहाडहून गाडीत बसलात की पुढचंच स्टेशन कल्याण.

तिसरी जागा शिबिर. उल्हासनगरात कॅम्प म्हटलं की वस्तीचा कॅम्प आठवतो. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्करी छावणी, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचं घर झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींनी नव्या नगराची कोनशिला बसवली. पण मी म्हणते तो कॅम्प डोळे तपासणीचा. राज्यात १० जून हा दृष्टिदान दिन, २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा, ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार जागतिक दृष्टी दिन. या तारखांच्या आसपास संस्था, मंडळं, दरबार, शाळा शिबिरं घेतात. तिथे स्वयंसेवक कमीच पडतात. रांग लावणं, नावं लिहिणं, सहा मीटरची दोरी धरून जमिनीवर खूण करणं, एक डोळा झाकायला सांगणं, एवढं काम कुणालाही देतात. शाळेतल्या तपासणीचं आणखी एक स्थानिक नातं सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली, आणि तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. त्या कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत येतात तेव्हा मुलांची नजरही बघतात. तुमच्या शाळेत पथक येणार असेल तर मदतीला थांबायची परवानगी मुख्याध्यापकांकडे मागा.

आता विचारायचं कसं. बहुतेक मुलं इथेच अडखळतात आणि मित्राला सोबत नेतात. मित्राला नेऊ नका. दुपारी दोन ते चारच्या मधली वेळ बघा, तेव्हा गर्दी कमी असते. संध्याकाळी सातला गेलात तर समोरचा माणूस एका डोळ्याने तुमच्याकडे आणि एका डोळ्याने गिऱ्हाइकाकडे बघेल. नमस्कार करून सरळ बोला: "सर, मी बारावी सायन्सला आहे. मला ऑप्टोमेट्रीला जायचं की नाही ते ठरवायचंय. पंधरा दिवस रोज तीन तास तुमच्या मागे उभा राहून बघू द्याल का? मी कशाला हात लावणार नाही, पेशंटसमोर प्रश्न विचारणार नाही." शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची. तपासणाऱ्याला तुमच्या उत्सुकतेची अडचण नसते, पेशंटसमोर मध्येच बोललेल्या शब्दाची असते. बाई असतील तर "मॅडम" म्हणा. ओळखीचे काका असले तरी क्लिनिकमध्ये पेशंटसमोर "काका" नको.

मुलींसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी दोन शब्द. हे काम बरंच अंधाऱ्या खोलीत चालतं, ते टाळता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी आईने किंवा मोठ्या भावाने येऊन जागा बघावी, जायच्या-यायच्या वेळा घरी ठरवून द्याव्यात, आणि जमलं तर जिथे स्त्री ऑप्टोमेट्रिस्ट आहे ती जागा निवडावी. अशा जागा आता पुष्कळ आहेत, या व्यवसायात मुली भरपूर आहेत. एखाद्या ठिकाणी मनाला जरासुद्धा खटकलं तर दुसऱ्या दिवशी जाऊ नका. कारण सांगायला तुम्ही बांधील नाही.

परवानगी मिळाली की काही नियम पाळा. कपडे साधे, स्वच्छ. अत्तर नको, कारण तपासताना चेहरे एका वितीवर येतात. मोबाइल पिशवीत, पिशवी बाहेर. खोलीत दिवे बंद असताना दार उघडू नका. आरसा आणि तक्ता यांच्या मध्ये उभे राहू नका. आमच्याकडच्या लहान खोल्यांत नवीन मुलाची पहिली चूक हीच होते. पेशंट आत आला की तुम्ही कोण ते तपासणाऱ्याने सांगावं आणि पेशंटची हरकत नाही ना ते विचारावं. त्यांनी नाही विचारलं तर तुम्ही हळूच आठवण करा. पेशंट नको म्हणाला तर बाहेर जा, चेहरा न पाडता.

आणि जे ऐकाल ते तिथेच ठेवा. हे मी जीव तोडून सांगते. कॅम्प १ लहान आहे. खुर्चीत बसलेली बाई तुमच्या शेजारची निघेल, तिच्या मुलीला उणे सहाचा नंबर असेल आणि लग्नाची बोलणी चाललेली असतील. मुलीला नंबर आहे हे सासरी कळू नये म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स करायला आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. ती लपवाछपवी मला पटत नाही, पण ती उघड करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. रेल्वेच्या नोकरीचं स्वप्न बघणाऱ्या मुलाला इशिहाराच्या रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा दिसत नाही, तेव्हा त्याच्या वडिलांचा चेहरा तुम्हाला दिसेल. घरी जाऊन त्याचं नाव सांगितलंत तर या व्यवसायात येऊ नका, असं मी स्पष्ट म्हणेन.

आता बघायचं काय. पहिले दोन दिवस सगळ्यांची नजर यंत्रांवर जाते. ऑटोरिफ्रॅक्टोमीटरमध्ये हनुवटी ठेवली की आतला फुगा किंवा घर धूसर होतं, स्पष्ट होतं आणि चिठ्ठीवर नंबर छापून येतो. मुलाला वाटतं, मग माणूस कशाला? तिसऱ्या दिवशी यंत्र सोडा आणि माणसाचं तोंड आणि हात बघा. चिठ्ठीवरचा नंबर ही सुरुवात असते. त्यानंतर ट्रायल फ्रेम चढवून एकेक काच घालत "आधीचं चांगलं की आत्ताचं?" असं विचारत जायचं असतं. लाल-हिरव्या पट्टीवर कुठली अक्षरं जास्त काळी दिसतात ते विचारायचं असतं. एक लहानशी दांडीची काच उलटसुलट फिरवून सिलिंडरचा अक्ष पक्का करायचा असतो. पेशंट कंटाळतो, घाबरतो, "दोन्ही सारखंच" म्हणतो, तपासणाऱ्याला खूश करायला "हो हो" म्हणतो. त्या "हो हो" मधून खरं उत्तर काढणं हीच कला आहे.

एक उदाहरण मला कधी विसरता येणार नाही. कॅम्प ५ कडून जीन्स शिवणारा साठीचा एक कारागीर आला. लांबचं उत्तम दिसायचं. फुटपाथवरून अडीच नंबरचा तयार चष्मा घेतला होता, आणि तक्रार डोळ्यांची नव्हतीच, पाठीची होती. जवळचं कार्ड हातात दिलं तर बारीक अक्षरंही वाचली. दुसऱ्या कुणी "चष्मा बरोबर आहे" म्हणून परत पाठवलं असतं. मी ज्यांच्या मागे उभी होते त्यांनी विचारलं, "मशीनवर बसतोस तसा बसून दाखव." त्याने समोर हात धरले. हात ते डोळे अंतर मोजलं, पन्नास सेंटिमीटर. त्या वयात डोळ्याची स्वतःची जवळ बघायची ताकद जवळजवळ संपलेली असते, म्हणून अडीचच्या काचेतून सर्वांत स्पष्ट दिसतं चाळीस सेंटिमीटरवर. माणूस सुई दिसावी म्हणून दिवसभर दहा सेंटिमीटर पुढे वाकून शिवत होता. दोन नंबरची काच दिली, ती पन्नासवर स्पष्ट दाखवते. शंभराला नंबराने भागा, अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं. अकरावीच्या भौतिकशास्त्रातलं ते सूत्र मी पाठ केलं होतं. ते एका माणसाच्या पाठदुखीत आहे हे मला त्या दिवशी कळलं.

जवळच्या साध्या चष्म्याला आपल्याकडे फार हलक्यात घेतात. आसामच्या चहामळ्यात चाळिशीपुढच्या ७५१ पानखुड्या मजुरांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापून आला. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची पानं खुडण्याची क्षमता न दिलेल्यांपेक्षा २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. उल्हासनगरातल्या शिलाईखान्यांत, अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत, सोनाराच्या पेढीवर असे किती हात काम करतात ते डोळ्यांसमोर आणा. पेशंटने काय काम करतो म्हणून सांगितलं, हे तुमच्या वहीत पहिल्या ओळीत आलं पाहिजे.

दुसरी बघण्याची गोष्ट भाषा. आमच्याकडे एका तासात खुर्चीवर मराठी, सिंधी, हिंदी आणि भोजपुरी बोलणारी माणसं बसून जातात. वयस्क सिंधी माणसांपैकी काहींचं शिक्षण अरबी वळणाच्या, बावन्न अक्षरांच्या सिंधी लिपीत झालेलं. त्यांच्या हातात देवनागरी किंवा इंग्रजी कार्ड दिलं की ते "नही दिखता" म्हणतात. न वाचता येणं कबूल करायला माणसाला लाज वाटते, न दिसणं सांगायला वाटत नाही. नवखा तपासणारा काच वाढवत जातो. अनुभवी माणूस कार्ड बाजूला ठेवून इंग्रजी ई चारही दिशांना वळवलेला तक्ता काढतो आणि "दादा, बोटाने दाखवा, तोंड कुठे आहे" असं म्हणतो. हे कुठल्याही प्रवेशपरीक्षेत विचारत नाहीत. कॅम्प १ मध्ये बसलेल्या मुलाला ते पहिल्या आठवड्यात दिसतं. आपल्या गावाने दिलेली ही शिकवणी आहे, ती वाया घालवू नका.

तिसरी, लहान मुलं. शक्य असेल तर एक दिवस असा मागून घ्या ज्या दिवशी मुलांची तपासणी असते. दोन वर्षांचं मूल "आधीचं की आत्ताचं" सांगू शकत नाही. तिथे रेटिनोस्कोप येतो. बाहुलीत उजेडाची पट्टी टाकून ती हलवायची, आतून परतणारा उजेड कुठल्या दिशेने सरकतो ते बघायचं, समोर काचा बदलत जायचं, आणि जिथे सरकणं थांबून बाहुली एकदम भरून उजळते तिथून नंबर काढायचा. त्यासाठी कधी कधी बाहुल्या मोठ्या करणारं औषध आधी घालावं लागतं, मूल रडतं, आई चिडते. आळशी डोळ्याच्या मुलाचा चांगला डोळा पट्टीने झाकायला सांगितला की आजी म्हणते, "चांगला डोळा का बंद करता?" त्या आजीला पटवून देणं, दर महिन्याला पुन्हा पटवून देणं, हे ऑप्टोमेट्रिस्टचं काम आहे. तिथे उभं राहून स्वतःला विचारा, हे मला दिवसातून दहा वेळा, न चिडता, करता येईल का? येणार नसेल तर ते आत्ता कळलेलं बरं.

रोज घरी आल्यावर वही लिहा. नावं नाही, पत्ते नाहीत. वय, काम, तक्रार, काय तपासलं, शेवटी काय दिलं किंवा कुठे पाठवलं. खाली एक ओळ: आज मला काय समजलं नाही. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात या ओळीखाली "डोळ्याचा दाब म्हणजे काय, रक्तदाबाशी संबंध आहे का" असं लिहिलेलं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी, खोली रिकामी असताना, तो एक प्रश्न विचारायचा. दिवसाला एकच. शेवटच्या दिवशी लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र मागा: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती तास, काय पाहिलं. परदेशी अर्जासाठी ते लागू शकतं. नाही लागलं तरी तुमच्या फाइलमध्ये असू द्या.

चुकीच्या जागेची लक्षणंही सांगते. मला एका दुकानात, नाव सांगत नाही, चौथ्या दिवशी काउंटरवर उभं केलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला निळा उजेड अडवणारी काच घ्यायला सांग म्हटलं. मोबाइलने डोळे थकतात, ही काच थकवा थांबवते, असं बोलायचं होतं. मी सतरा वर्षांची होते, बोलले. नंतर २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने सतरा चाचण्यांचा आढावा घेऊन सांगितलं, की संगणकावर काम करणाऱ्यांचा डोळ्यांचा थकवा अशा काचांनी थोड्या काळात साध्या काचांपेक्षा कमी होतो असं दिसत नाही. ते वाचून मला त्या गिऱ्हाइकांचे चेहरे आठवले. काचा पुसणं, फ्रेम जागेवर लावणं, चहा आणणं, याला कमीपणा मानू नका. पण बिल करायला, विकायला, आणि मुख्य म्हणजे नंबर काढायला बसवत असतील तर दुसऱ्या दिवशी नम्रपणे निरोप घ्या. न शिकलेल्या मुलाने दुसऱ्याच्या डोळ्यात थेंब घालणं किंवा नंबर काढणं हा गुन्हा समजा, कायदा काय म्हणतो ते नंतर. "सहा महिन्यांत ऑप्टोमेट्रिस्ट बना" अशी जाहिरात जिथे लावलेली दिसेल तिथे तर पायरीही चढू नका. कायद्यातला ३,६०० तासांचा आकडा आठवा आणि परत फिरा.

चाळीस तास झाले की एक दिवस कॉलेज बघायला ठेवा. मुंबईत जुहूला लोटस कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्री आहे, पुण्यात भारती विद्यापीठाचं स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री आहे. आणि दूर जायची तयारी असेल तर चेन्नईचं एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री, जिथे शंकर नेत्रालयाने १९८५ मध्ये हा अभ्यास सुरू केला. कुठेही गेलात तरी इमारत बघून भुलू नका. तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा: आठवड्यात किती पेशंट तू स्वतः तपासतोस? रेटिनोस्कोप तुझा स्वतःचा आहे का? इंटर्नशिप कुठे मिळते, कॉलेज देतं की स्वतः शोधावी लागते? पदवी कुठल्या विद्यापीठाची? पंधरा दिवस मागे उभे राहिला असाल तर या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला समजतील. नाही तर ती फक्त ऐकू येतील.

कधी कधी चाळीस तासांनंतर मूल येऊन म्हणतं, "ताई, मला नाही आवडलं. तेच तेच आहे." मी त्याला पेढा देते. त्याचे चार वर्षांचे कष्ट आणि वडिलांचे पैसे वाचले. तेच तेच आहे हे खरंही आहे: दिवसाला चाळीस वेळा तोच प्रश्न, तोच अंधार, तोच तक्ता. ज्याला त्या चाळीस उत्तरांत चाळीस वेगळी माणसं दिसतात, त्याने यावं.

मुलांना मागे उभं राहू देणाऱ्यांनाही एक विनंती. कॅम्प १ ते ५, अंबरनाथ, बदलापूर इथल्या माझ्या सहव्यावसायिकांनो, यंदाच्या उन्हाळ्यात एखादं मूल दुपारी दोन वाजता दारात येऊन उभं राहिलं तर त्याला नंतर ये म्हणू नका. खुर्चीच्या मागे, आरशाच्या वाटेत येणार नाही अशी, एका माणसापुरती जागा करा.